मोंतोने: पाडलेला किल्ला आणि एका मराठी नाइकाचं सूर्यघड्याळ

इटलीच्या ऐन मध्यात उंब्रिया नावाचा प्रांत आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. सगळा डोंगर, दऱ्या आणि ऑलिव्हची झाडं. या प्रांताच्या उत्तरेला, तिबेर नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून एका टेकडीवर मोंतोने हे गाव बसलं आहे. वस्ती जेमतेम दीड-पावणेदोन हजार. दगडी घरं, चढाच्या अरुंद गल्ल्या आणि गावाभोवती जुना तट. तटाला तीन वेशी आहेत: बोर्गो, मोन्ते आणि वेर्झिएरे. गावाचे तीन मोहल्ले आजही याच नावांनी ओळखले जातात.

जुलै 2023 मध्ये या गावाने एक सूर्यघड्याळ उभारलं आणि त्याला नाव दिलं व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे यांचं. त्या सोहळ्याला इटलीतल्या भारतीय राजदूत हजर होत्या आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्याही आल्या. अशा बातमीत माणसाचं नाव मोठं असतं आणि गाव एका ओळीत येऊन जातं, ते स्वाभाविकच आहे. पण मोंतोने म्हणजे नकाशावरचं कुठलंही एक खेडं नव्हे. सहाशे वर्षांपूर्वी या टेकडीच्या एका माणसाने अख्ख्या मध्य इटलीला घाम फोडला होता. दुसऱ्याच्या लढाईत पगारावर लढायला जायचं, हा इथल्या धन्यांच्या घराचा पिढीजात व्यवसाय होता. माणगाव तालुक्यातून निघालेला हा शिपाई दुसऱ्या महायुद्धात शेवटी ज्या डोंगरात कामी आला, तो डोंगर समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

मोंतोने या शब्दाचा इटालियन भाषेत अर्थ ‘एडका’, म्हणजे नर मेंढा. गावाच्या निशाणावरही एडकाच आहे. गावापासून थोड्या अंतरावर दरीच्या पलीकडे एका सुळक्यावर दुसरा एक छोटा किल्ला अजून धडधाकट उभा आहे. त्याचं नाव रोक्का द’आरिएस. आरिएस म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा मेंढाच, आपली मेष रास. मोंतोनेवर फोर्तेब्राच्ची या घराण्याची सत्ता होती. या आडनावाचा अर्थ ‘दणकट बाहू’. तेराव्या शतकापासून गाव पेरुजा या मोठ्या शहराच्या अमलाखाली गेलं होतं, आणि फोर्तेब्राच्ची मंडळी पेरुजाच्या राजकारणातली जहागीरदार मंडळी होती.

या घरात 1368 मध्ये आंद्रेआ फोर्तेब्राच्ची जन्मला. इतिहास त्याला ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखतो. त्याच्या तरुणपणी पेरुजात सरदार आणि सामान्य नागरिक यांच्यात सत्तेची मारामारी चालली होती. नागरिकांचा पक्ष वर चढला आणि सरदारांना शहर सोडावं लागलं. जमीन गेली, गाव गेलं. हातात उरली ती फक्त तलवार. अशा तरुणाला त्या काळच्या इटलीत एकच धंदा मोकळा होता, तो म्हणजे सैन्य भाड्याने देण्याचा.

हा धंदा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याच्याशिवाय मोंतोनेचा एकही दगड उलगडत नाही. इटली तेव्हा एक देश नव्हताच. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, नेपल्स आणि पोपचं राज्य हे मोठे, आणि त्यांच्या मधल्या फटींत शेकडो लहान शहरं आणि जहागिऱ्या. व्यापारात गबर झालेल्या या शहरांना लढायला माणसं विकत घेणं परवडायचं. सेनानीबरोबर रीतसर लेखी करार व्हायचा. किती घोडेस्वार, किती महिने, किती पैसे, सगळं कागदावर. या कराराला म्हणायचे ‘कोन्दोत्ता’, आणि करार करणारा तो ‘कोन्दोत्तिएरे’. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणाऱ्याला शिलेदार म्हणत. कोन्दोत्तिएरे एकटा येत नसे, तो अख्खी फौजच घेऊन यायचा. करार संपला की तो मोकळा. कालच्या धन्याविरुद्ध उद्या लढायला उभा राहिला तरी त्यात कुणाला बेइमानी दिसत नसे.

ब्राच्चोने हा धंदा अल्बेरिको दा बार्बियानो या नामांकित सेनानीच्या पथकात शिकला. तिथेच त्याच्याबरोबर मुझ्झिओ आत्तेन्दोलो होता, ज्याला पुढे ‘स्फोर्झा’ हे टोपणनाव चिकटलं. दोघं आधी सोबती आणि मग जन्मभराचे प्रतिस्पर्धी. इटलीतल्या सैनिकी विद्येच्या दोन परंपरा या दोघांच्या नावाने चालल्या. स्फोर्झाची माणसं मोठ्या, एकसंध फळीने तुटून पडायची. ब्राच्चोची तऱ्हा वेगळी. तो फौजेच्या लहान लहान तुकड्या पाडायचा. एक तुकडी लढून दमली की तिला मागे घ्यायचं आणि ताजी तुकडी पुढे सोडायची. समोरचा सतत लढत राहतो आणि आपली माणसं पाळीपाळीने श्वास घेतात.

12 जुलै 1416 रोजी पेरुजा आणि असिसीच्या मधे, सान्त’एजिदिओ नावाच्या जागी, या पद्धतीची परीक्षा झाली. पेरुजाने आपल्या रक्षणासाठी कार्लो मालातेस्ता या रिमिनीच्या सरदाराला बोलावलं होतं. भर उन्हाळा. उंब्रियात जुलैचं ऊन भाजून काढतं आणि त्यात अंगावर लोखंडी चिलखत. ब्राच्चोने आपल्या फौजेमागे पाण्याची सोय करून ठेवली होती. पाळी संपवून आलेला स्वार आणि घोडा पाणी पिऊन पुन्हा उभा राहायचा. मालातेस्ताचे लोक तहानेने कासावीस होऊन पांगले. मालातेस्ता कैद झाला, पेरुजाने वेशी उघडल्या आणि ज्या शहरातून त्याच्या घराण्याला हाकललं गेलं होतं त्याच शहराचा ब्राच्चो धनी झाला. ज्या सपाटीवर हे घडलं तिथे आज पेरुजाचा विमानतळ आहे. उंब्रियात विमानाने उतरणारा प्रवासी ब्राच्चोच्या रणांगणावरच उतरतो.

ब्राच्चोकडे निव्वळ लुटारू म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. त्याच्या मोहिमांत गावंच्या गावं भरडली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पेरुजात त्याने केलेली कामं अजून पाहता येतात. मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागून, त्याने बांधलेल्या कमानींच्या ओवऱ्या आहेत. त्राझिमेनो तळ्याचं पाणी चढून काठची शेती बुडायची, म्हणून डोंगर पोखरून त्याने तळ्यातून एक भुयारी कालवा काढला. आणि मोंतोनेला तर तो विसरला नाहीच. 1414 मध्ये त्याला ‘मोंतोनेचा काउंट’ हा किताब मिळाला. टेकडीच्या माथ्यावरचा गढीवजा किल्ला त्याच्याच नावाने, ‘रोक्का दी ब्राच्चो’ म्हणून, ओळखला जातो. गावातल्या सान फ्रान्चेस्को चर्चच्या आतल्या भिंती फेर्राराच्या आन्तोनिओ आल्बेर्ती या चित्रकाराने रंगवल्या, त्याही ब्राच्चोच्याच काळात.

त्याला बहुधा पेरुजापुरतं थांबायचं नव्हतं. 1423 मध्ये त्याने दक्षिणेकडच्या लाक्विला शहराला वेढा घातला. वेढा वर्षभर रेंगाळला. 1424 च्या जानेवारीत त्याच्याविरुद्ध निघालेला जुना सोबती स्फोर्झा पेस्कारा नदी ओलांडताना बुडाला. जूनच्या 2 तारखेला शहराबाहेरच्या लढाईत ब्राच्चोचा पाडाव झाला. जखमी अवस्थेत त्याला शत्रूच्या छावणीत नेलं. तो कुणाशी एक अक्षर बोलला नाही आणि तीन दिवसांनी, 5 जूनला, गेला. पोपने त्याला धर्माबाहेर काढलेलं असल्यामुळे त्याचा देह पवित्र भूमीत पुरू दिला गेला नाही. आठ वर्षांनी, 1432 मध्ये, पुतण्या निक्कोलो याने त्याच्या अस्थी पेरुजाला आणल्या. बुडालेल्या स्फोर्झाचा मुलगा फ्रान्चेस्को पुढे मिलानचा ड्यूक झाला आणि ते घराणं युरोपभर गाजलं. फोर्तेब्राच्ची मात्र पुन्हा आपल्या टेकडीवर येऊन बसले.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो बापाच्याच धंद्यात पडला. त्याचा धनी होता व्हेनिस. परंपरा सांगते की तुर्कांविरुद्धच्या कामगिरीबद्दल व्हेनिसने त्याला एक अनमोल वस्तू बक्षीस दिली: येशूच्या डोक्यावर ठेवलेल्या काटेरी मुकुटातला एक काटा. 1473 मध्ये कार्लोने तो आपल्या गावाला अर्पण केला. ‘सान्ता स्पिना’, पवित्र काटा. मोंतोनेचं वर्ष आजही या काट्याभोवती फिरतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी तो लोकांच्या दर्शनासाठी बाहेर येतो. पुन्हा ऑगस्टमध्ये उत्सव भरतो आणि कार्लो आणि त्याची बायको मार्गेरीता मालातेस्ता यांचा काळ गावात उभा केला जातो. तिन्ही मोहल्ल्यांत धनुर्विद्येच्या, नाट्यप्रवेशांच्या स्पर्धा लागतात आणि जिंकणाऱ्या मोहल्ल्याला त्या वर्षीची गावची मानकरीण निवडण्याचा हक्क मिळतो. शिंपीकामापासून मशालींपर्यंत सगळं गावकरीच करतात. दीड हजार वस्तीच्या गावात हे सांभाळायचं म्हणजे घरटी एक माणूस कामाला लागत असणार. एका भाडोत्री सेनानीच्या पगाराबरोबर आलेली वस्तू साडेपाचशे वर्षं गावाचं दैवत होऊन राहिली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काटा दिल्यानंतर चारच वर्षांनी कार्लोने घात ओढवून घेतला. 1477 मध्ये त्याने बापाच्या पेरुजाच्या वारशाची उमेद धरून पुन्हा हालचाली सुरू केल्या आणि पोप सिक्स्तुस चौथा खवळला. पोपच्या फौजेने मोंतोनेला वेढा दिला. गाव पडलं आणि 1478 मध्ये पोपच्या हुकुमावरून ब्राच्चोचा किल्ला पाडण्यात आला. हे पाडणं रागाच्या भरातलं नव्हतं, त्यामागे हिशेब होता. किल्ला उभा राहिला की घराणं परत येतं, म्हणून किल्लाच नको. झालंही तसंच. कार्लो 1479 मध्ये वारला, त्याचा मुलगा बेर्नार्दिनो व्हेनिसच्या चाकरीत राहिला आणि 1495 च्या फोर्नोव्होच्या लढाईत जबर जखमी झाला. टेकडीच्या माथ्यावर आज त्या किल्ल्याचे भग्न अवशेष तेवढे दिसतात.

मोंतोनेत एकच वस्तू पाहायला मिळणार असेल तर मी काटा नव्हे, एक कापड निवडेन. सान फ्रान्चेस्को चर्च आता गावाचं संग्रहालय झालं आहे आणि तिथे बार्तोलोमेओ कापोराली या पेरुजाच्या चित्रकाराने 1482 मध्ये रंगवलेली एक पताका आहे. उंब्रियात प्लेगची साथ आली की अशा रंगवलेल्या मोठ्या पताका मिरवणुकीने गावातून फिरवत. प्लेग म्हणजे देवाने रागाने सोडलेले बाण, ही तेव्हाची समजूत. म्हणून या पताकांवर मेरी आपला झगा दोन्ही बाजूंना पसरून उभी असते आणि त्याच्या आसऱ्याला गावचे लोक दाटीवाटीने, हात जोडून बसलेले असतात. मोंतोनेच्या पताकेवरही मेरीच्या झग्याखाली माणसं आहेत आणि पायाशी खुद्द मोंतोने गाव रंगवलेलं आहे. तारीख लक्षात घ्या. किल्ला पाडून चार वर्षं झालेली. धन्याचं घराणं परागंदा, तटबंदीचा भरवसा संपलेला. आसरा म्हणून गावाकडे उरलं होतं ते हे कापड.

त्यानंतरची चारशे वर्षं भराभर सांगून टाकता येतील. गाव पोपच्या राज्यात विरलं. मध्ये काही काळ शेजारच्या चित्ता दी कास्तेल्लोच्या वितेल्ली घराण्याकडे होतं. 1860 मध्ये उंब्रिया पोपच्या हातून गेला आणि एक झालेल्या इटलीत सामील झाला. बाकी शेती, गुरं, ऑलिव्ह, डुकरं. टेकडीच्या पायथ्याशी असलेलं सान ग्रेगोरिओचं हजार वर्षांपूर्वीचं साधं दगडी चर्च हे सगळं शांतपणे पाहत उभं होतं.

मग 1944 साल उजाडलं.

त्याआधी एक धागा जोडून घेऊ. 1941 च्या मार्च महिन्यात आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण लढत होती. इरिट्रिया इटलीची वसाहत होती आणि समोर इटालियन सैन्य होतं. फ्लॅट टॉप नावाचं शिखर मराठ्यांनी घेतलं, पण फार मोठी किंमत मोजून. पलटणीचा प्रमुख होता डेनिस रीड. पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो शत्रूच्या हाती सापडला, इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पडला आणि 1943 च्या अखेरीस तिथून निसटला. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला आणि लगेच जर्मन फौजांनी देशाचा ताबा घेतला. त्यामुळे 1944 च्या वसंतात मराठ्यांची तीच पलटण इटलीच्या भूमीवर उतरली तेव्हा समोर जर्मन होते आणि पलटण ज्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती तिचा सेनापती होता तोच रीड. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर गोळी झाडली, आता त्यांचीच गावं सोडवायची होती.

पेरुजा 20 जून 1944 रोजी मुक्त झालं. जर्मन सैन्य पळत नव्हतं, मोजूनमापून मागे सरत होतं. उत्तरेकडे ‘गॉथिक लाइन’ नावाची त्यांची पक्की संरक्षणफळी तयार होत होती आणि तिच्यासाठी वेळ काढायचा होता. वरच्या तिबेर खोऱ्यात नदी आणि रस्ता तळाशी, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या धारा, प्रत्येक धारेवर एखादं दगडी गाव नाहीतर शेतघर. वर दोन मशीनगन ठेवल्या की खालचा रस्ता बंद. म्हणून दहाव्या डिव्हिजनच्या पलटणी रस्ता सोडून रात्री डोंगरांतून, खेचरांच्या वाटांनी चालायच्या आणि पहाटे शत्रूच्या बगलेला निघायच्या. सह्याद्रीच्या माणसाला ही चाल काही नवी नव्हती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात उंबेर्तीदे आणि मोंतोने ही दोन्ही ठिकाणं डिव्हिजनने घेतली. स्थानिकांसाठी मुक्ती सुखाची नव्हती. उंबेर्तीदेच्या पुलावर सोडलेले दोस्तांच्या विमानांचे बॉम्ब 25 एप्रिलला गावातल्या घरांवर पडून सुमारे सत्तर माणसं दगावली होती.

मोंतोनेपासून पुढे, चित्ता दी कास्तेल्लोच्या दिशेने, पुन्हा एकेका धारेसाठी झुंज लागली. 10 जुलैला मराठ्यांची एक कंपनी एका मजबूत ठाण्यावर चढून गेली. त्यातल्या एका सेक्शनचा म्होरक्या होता नाईक यशवंत घाडगे. वय बावीस. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, आताच्या रायगडातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्याचं गाव.

पुढे काय घडलं ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात सरकारी कोरडेपणाने नोंदलं आहे. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधले सगळेच्या सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा होता एकटा घाडगे. आपल्याबरोबर यायला कुणी उरलेलं नाही हे त्याला पुरतं कळलेलं होतं. तरी तो त्या मशीनगनवर धावून गेला. पहिला हातबॉम्ब. त्याने गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमीगनने आणखी एक. मॅगझिन रिकामी झाली आणि नवी भरायला सवड नव्हती. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना संपवलं. ठाणं एकट्याने घेतलं होतं. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला.

चित्ता दी कास्तेल्लो त्यानंतर बारा दिवसांनी, 22 जुलैला पडलं. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले, त्यांतले 5,782 तिथेच राहिले. तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैन्याच्या वाट्याला आले आणि त्या सहांतले दोन मराठी: घाडगे, आणि एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणणारे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. जाधव परत आले. घाडगे यांची कबरसुद्धा नाही. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे.

भारत तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता, मग ही लढाई कुणासाठी, असं विचारलं जातं आणि तो प्रश्न रास्तच आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या शेकडो घरांत पलटणीचा पगार हीच काय ती रोकड होती. दुसऱ्याच्या युद्धात मरणाऱ्याला आपला म्हणायचं की नाही, हा सवाल मोंतोनेला मात्र कधी पडला नसावा. ज्या गावाचा सगळ्यात मोठा पुरुष करारावर लढला आणि परमुलखात जाऊन मेला, ज्या गावाचं दैवतसुद्धा एका चाकरमान्या सेनानीने आणलेलं, त्या गावाने घाडग्यांचं नाव आपल्यात घेतलं, आणि तेही कुणी भाग पाडलेलं नसताना, एकोणऐंशी वर्षांनी.

स्मारक म्हणून त्यांनी पुतळा केला नाही, स्तंभही उभारला नाही. सूर्यघड्याळ केलं. त्यावरचं लॅटिन वचन असं आहे: ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’, सगळे एकाच सूर्याखाली. सूर्यघड्याळ मुक्कामाची वेळ सांगतं, देशाची नव्हे. त्यामुळे हिशेब मांडता येतो. मोंतोने आणि माणगाव यांच्या रेखांशांत सुमारे एकसष्ट अंशांचं अंतर आहे, म्हणजे सूर्याला चार तास. मोंतोनेच्या तबकडीवर सावली ऐन बारावर येते, तेव्हा पळसगावात ऊन कललेलं असतं आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेचार-पावणेपाच वाजत आलेले असतात.